कडू सुरंजान

मस्तगड, जालना

दादा,
शालूचा वाकून नमस्कार.

उलट्या थांबल्या ना? पेज पोटात राहते का?

केशरासारखं फूल येणाऱ्या सुरंजानच्या रानकंदात गुडघेदुखीचं औषध असतं, एवढं पुस्तकात वाचलं होतं. दुकानदारानं विचारलं, "गोड की कडू?" कडूच लागू पडतं म्हणून तुझ्या गुडघ्यांसाठी मी कडू पाठवलं. त्यातलं कोल्चिसिन जरा जास्त झालं तरी विष, हे पुढच्या पानावर होतं. आमचे हे असते तर म्हणाले असते, "आधी पान उलट."

फोनवर तू हसलास, "शाले, तुझं पुस्तक लई कडू निघालं!" मला हसू आलं नाही.

उरलेली पुडी पुरून टाक. वहिनींना नमस्कार सांगायला तोंड नाही, तरी सांग. "डॉक्टरला विचारा," असं त्या म्हणत होत्या, तेव्हा तू म्हणालास, "कशाला? आपल्या शालूनं वाचलंय."

दादा, शालूनं अर्धंच वाचलं होतं.

तुझी,
शालू