एकही खूण चुकली नाही

दादा,

तुझा शेवटचा रिपोर्ट मीच टाइप केला. प्रयोगशाळेत माझं कामच ते. टीबीची ती मुख्य गोळी पोटात जाते तेव्हा झोपलेलीच असते. जंतूचंच एक प्रथिन तिला जागं करतं आणि मग ती त्या जंतूलाच मारते. थोड्या जंतूंमध्ये ते प्रथिन बिघडलेलं असतं. गोळ्या अधूनमधून चुकवल्या की बाकीचे मरतात, हे तेवढे उरतात आणि वाढतात. तुझ्यात तेच उरले होते.

तू गोळी गिळताना मी बघायचं, मगच तुझ्या गोळ्यांच्या कार्डावर त्या दिवसाची खूण करायची, असं ठरलं होतं. "तू खूण करून टाक गं, मी जेवल्यावर घेतो," म्हणायचास. मी करून टाकायचे.

तू गेल्यावर डॉक्टरबाईंनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "एक दिवस चुकला नाही, तरी असं कसं?"

मी म्हटलं, "जंतूच हट्टी निघाला."

रडू आलं नाही. अजून आलेलं नाही.

आज तुझ्या लेकीचा, चिमीचा रिपोर्ट आला. तिच्या जंतूतही तेच प्रथिन बिघडलेलं आहे. तिचं कार्ड बाईंनी माझ्याच हातात दिलं. म्हणाल्या, "तुमच्याइतकं नीट कोण ठेवणार?"

तुझी,
धाकटी