पिवळ्या लोकरीचा चेंडू

तंजावूर,
५ जानेवारी २०२५

चि. अनिरुद्ध यास कमलाक्षी अक्काचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी नुसतीच हो हो म्हणत होते. खरं सांगते, भांडी घासल्यासारखा आवाज ऐकू आला, बाकी काही नाही. माझे कान आता फोनला दाद देत नाहीत. म्हणून आपल्या अप्पांनी वळ उठेपर्यंत गिरवून घेतलेली बाळबोध अक्षरं आता कामाला लावू. या वृद्धाश्रमात ती कुणालाच वाचता येत नाहीत. मॅनेजर शेषाद्रींना तर नाहीच नाही, त्यामुळे त्यांची मनसोक्त निंदा करता येईल.

आमच्याकडे नंदिता नावाची नवी मुलगी आली आहे. म्हाताऱ्यांचं मन कसं रमवायचं याचं म्हणे शिक्षण घेऊन आली आहे. पोर गोड आहे, पण तिने जेवणाच्या खोलीत एक तक्ता लावला आहे. सोमवारी फुगा टोलवणे, मंगळवारी चित्र रंगवणे, बुधवारी टाळ्यांचा व्यायाम. मंगळवारी माझ्यापुढे लाकडी पॅडला लावलेलं बदकाचं चित्र आलं. मुलींच्या शाळेत उभा जन्म मी खेळ शिकवला, जिल्ह्याचा संघ घडवला, आणि आता बदक! मी ते काळंकुट्ट रंगवलं. नंदिताने त्यालाही छान म्हटलं, त्याचाच जास्त राग आला.

पण खरी गंमत गुरुवारी. त्या दिवशी बोटांच्या व्यायामासाठी प्रत्येकीला पिवळी लोकर देतात आणि गुंडा करायला लावतात. माझ्या शेजारच्या खाटेवरची धनलक्ष्मी चाकाच्या खुर्चीत असते. तिने नातवाच्या टोपीसाठी आपला गुंडा मागितला, तेव्हा कळलं की तो मिळायचा नाही. आम्ही गुंडाळलेली लोकर आया उकलून ठेवतात आणि पुढच्या गुरुवारी तीच परत आमच्या हातात देतात! धनलक्ष्मी रडली. मी रडले नाही. मी माझा गुंडा पदराखाली घातला आणि सरळ खोलीत आणला.

पिवळी लोकर म्हटल्यावर तुला काय आठवलं ते मला ठाऊक आहे. आपल्या तंजावूरचा लोकरीच्या चेंडूचा खेळ तो, पूपंदु! शाळेच्या कागदांवर बॉल बॅडमिंटन लिहायचे, पण आपल्या घरात पूपंदुच. लोकर घट्ट ओढून गुंडाळली की चेंडू अजूनही तसाच होतो, बोटं विसरलेली नाहीत. तुझ्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत माझ्या बॅटी आहेत, त्या पाठवून दे.

लोभ आहे तेवढा पुरे, काळजी मात्र वाढवू नकोस.

तुझी
अक्का


चेन्नई,
१४ जानेवारी २०२५

ती. कमलाक्षी अक्कास अनिरुद्धचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसलो, पण ते हसू चार दिवसही टिकलं नाही. शेषाद्रींनी आमच्या चिरंजीवांना, प्रवीणला, फोन केला. बॅटी नाहीत म्हणून तू आणि आणखी सहाजणींनी चित्रांची लाकडी पॅडं घेऊन मागच्या अंगणात खेळ मांडलात, आणि तू पडलीस. कोपर सोलवटलं, ते तू मला कळवलंही नाहीस. अक्का, या वयात खुब्याचं हाड मोडलं तर माणूस उठत नाही. हे तुला मी सांगावं?

आता ते म्हणतात की तू तक्त्याप्रमाणेच वागशील आणि अंगणात खेळणार नाहीस असं घरच्यांनी लिहून द्यावं, नाहीतर तुला घेऊन जावं. प्रवीण आणि श्रीविद्या दोघांचंही मत पडलं की तुला इकडेच आणावं. सूनबाईने टीव्हीशेजारची खोली रिकामी करायला घेतली आहे. पोरं मायाळू आहेत. मला इथे काही म्हणजे काही करावं लागत नाही. सकाळी पेपर, मग टीव्ही, मग गोळ्या, परत टीव्ही. तुलाही विश्रांती मिळेल.

बॅटी माळ्यावरच आहेत. पण मी स्टुलावर चढायचं नाही असं प्रवीणने सांगून ठेवलं आहे.

आज आपल्याकडे संक्रांत असायची नाही का? इथे पोंगल झाला. खिडकीतून रस्त्यावरच्या रांगोळ्या दिसल्या.

रागावू नकोस. आशीर्वाद असू दे.

तुझा
अनिरुद्ध


तंजावूर,
१९ जानेवारी २०२५

चि. अनिरुद्ध यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

मी रागावले आहे. एकदा सांगते, नीट वाच. मी लिहून देणार नाही आणि मी चेन्नईलाही येणार नाही. श्रीविद्याला सांग, खोली रिकामी केलीच आहेस तर त्यात लोणच्याच्या बरण्या ठेव.

पडले म्हणून एवढा गहजब! गेल्या महिन्यात न्हाणीघरात आमच्यातली राजलक्ष्मी घसरून पडली, तेव्हा अंघोळ बंद केली का कुणी? मी खेळताना पडले आणि माझी मी उठले. उठल्यावर पुढचा चेंडूही मारला, हे शेषाद्रींनी फोनवर सांगितलं नसेल. त्या दिवशी धनलक्ष्मी शिट्टी वाजवून गुण देत होती. जेवताना जिच्या तोंडून शब्द निघत नाही ती राजलक्ष्मी चेंडू बाहेर गेला की आत पडला यावरून माझ्याशी कडाकडा भांडली. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! आता पॅडं कुलपात गेली आहेत. फुगा मात्र आता सोमवारीच नाही, रोज येतो, आणि आम्ही हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत बसतो. सातही जणी. नंदिता बिचारी रडकुंडीला आली आहे. काल ती येऊन माझ्याजवळ बसली आणि विचारू लागली की आम्हाला नेमकं काय हवं. इतक्या दिवसांत हे पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं.

आता तुझं. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात पेपर आहे, टीव्ही आहे, गोळ्या आहेत आणि खिडकी आहे. रस्त्यावरची रांगोळी तू खिडकीतून का बघितलीस? कुंभकोणमच्या कॉलेजात मागच्या रेषेवर उभा राहून सगळं मैदान सांभाळणारा तू. घराबाहेर शेवटचा कधी पडलास, ते मला खरं लिही.

प्रवीणला माझ्यासाठी सही करू देऊ नकोस. हाडं माझी आहेत.

मायेत उणं पडू देऊ नकोस, उपदेशात पडलं तरी चालेल.

तुझी
अक्का


चेन्नई,
२५ जानेवारी २०२५

ती. अक्कास सा. न. वि. वि.

विचारलंस म्हणून लिहितो. दिवाळीनंतर एकदा मी बसने तांबरमला गेलो आणि चुकीच्या थांब्यावर उतरलो. वाट चुकली, तासभर इकडे तिकडे हिंडलो, मग विचारत विचारत घरी आलो. आलो तो माझा मीच. पण घरात रडारड झाली होती. तेव्हापासून फाटकाला कुलूप असतं आणि किल्ली श्रीविद्याच्या पर्समध्ये असते. ती दोघं माझं सगळं करतात, अक्का. तक्रार करायची लाज वाटते. मी सांभाळला जातो आहे, कोंडलेला नाही, असं मी रोज स्वतःला समजावतो. तुझं पत्र आल्यापासून ते नीट समजावता येत नाही.

काल दोघं ऑफिसला गेल्यावर मी स्टुलावर चढलो. ट्रंक उघडली. एका बॅटीच्या तारा तुटल्या आहेत, बाकीच्या धडधाकट आहेत. त्या घेऊन सावकाश खाली उतरलो. बॅटी माझ्या पलंगाखाली आहेत. पोस्टात टाकायला फाटकाबाहेर जावं लागेल. हे पत्रही दूधवाल्याच्या हातीच पाठवतो आहे.

तू इकडे येणार नाहीस म्हटल्यावर प्रवीण ९ फेब्रुवारीला, रविवारी, त्या कागदावर सही करायला तुझ्याकडे यायचं म्हणतो. त्याच्यावर ओरडू नकोस, तो मनाने फार मऊ आहे. पहाटे दूधवाल्यासाठी फाटक उघडतात, तेव्हा हवा छान असते.

आशीर्वाद दे, या वेळी जरा जास्त दे.

तुझा
अनिरुद्ध


तंजावूर,
१ फेब्रुवारी २०२५

चि. प्रवीणकुमार यास कमलाक्षी आत्याचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझे वडील हरवलेले नाहीत. ते माझ्याकडे आहेत. नंदिताने तुला फोन करून हे सांगितलंच आहे, आणि फोनवर तू रडलास हेही तिने मला सांगितलं. रडू नकोस राजा. ते काल पहाटे फाटकातून बाहेर पडले, तांबरमला गाडीत बसले आणि दुपारी बॅटींचं गाठोडं घेऊन आमच्या दारात उभे राहिले. ह्या वेळी बरोबर ठिकाणी उतरले. पापनाशम स्टेशन गेल्यापासून गाडीच्या दारातच उभे होते म्हणे, तंजावूर निसटू नये म्हणून.

शेषाद्रींनी लगेच तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो वाचला आणि विचारलं की यात माझ्या बहिणीने सही करायची जागा कुठे आहे. जागा नव्हती. तेव्हा सगळा मजकूर खोडून त्यांनी खाली एक रेघ ओढली आणि पेन माझ्या हातात दिलं. मी लिहिलं की मी खेळणार, पडले तर माझी मी पडेन. शेषाद्री म्हणाले की हा कागद चालणार नाही. तेव्हा नंदिता पुढे झाली. तिने सांगितलं की हिला काढलंत तर माझा तक्ताही काढा, कारण फुग्याला आता कुणीच हात लावत नाही. शेवटी शेषाद्री म्हणाले की महिनाभर बघू, अंगणात वाळू टाकून घ्या. हातावर तुरी देणार नाहीत असं वाटतं, आम्ही सातजणी आहोत.

आज सकाळी वाळू पडली. धनलक्ष्मीने आपली जुनी नऊवारी जाळी म्हणून दिली. तुझे वडील मागच्या रेषेवर उभे होते. पहिले तीन चेंडू त्यांना दिसलेच नाहीत. चौथा त्यांनी असा परतवला की राजलक्ष्मीने शिव्याच दिल्या. धापा टाकत होते, आणि हसत होते. त्यांना असं हसताना तू कधी पाहिलं आहेस का, हे तू स्वतःलाच विचार.

त्यांच्यावर तुझं प्रेम आहे हे मला माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे. पण फाटकाची एक किल्ली त्यांच्या खिशात राहील, तरच ते परत येतील. ही अट त्यांची नाही, माझी आहे.

तुला मराठी कळतं, वाचता मात्र येत नाही, हे मी विसरलेले नाही. हे पत्र तमिळमध्ये कुणाकडून तरी लिहवून घेता आलं असतं. मुद्दाम नाही घेतलं. तुमच्या घरात ही अक्षरं एकाच माणसाला वाचता येतात आणि ते इथे आहेत. पत्र घेऊन ये. मागच्या अंगणात बस, ते तुला वाचून दाखवतील. येताना त्यांचे रबरी तळाचे बूट आण, अनवाणी खेळताहेत.

लोभ धर, आणि किल्ली सोड.

तुझी
आत्या