तपासणीला न जाणाऱ्या मुलास

चिरंजीवास,

अनेक आशीर्वाद. दौऱ्यावर गेल्यापासून फोन उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले.

मूल होत नाही म्हणून सूनबाई वर्षभर इंजेक्शनं टोचून घेते आहे. तुला तपासणीचं विचारलं, तर "मी ठणठणीत आहे, आई, तू यात पडू नकोस!" चोराच्या मनात चांदणं.

तुझ्या मणक्याचं ऑपरेशन पोटाकडून झालं. त्यात कधी बारीक मज्जातंतू दुखावतात आणि वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं. मी प्राणिशास्त्र शिकले आहे, बाबा. सर्जन तुला बोलले नसतील, हे मला पटत नाही. यावर उपायही असतात, लपवण्यावर नाही.

उद्या तिच्या पोटात दुर्बीण घालणार आहेत. तोवर हे पत्र पोचणार नाही. ती स्वयंपाकघरात आहे, तिलाच सांगते.

तुझी आई