एक सीट रिकामी राहिली तर

अण्णा, मागच्या महिन्यात आम्ही बोटीने फिरून आलो. बोट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काशीच्या घाटावरची नाव येईल, म्हणून आधीच सांगते, ही बोट म्हणजे पाण्यावर सोडलेलं भलंमोठं हॉटेल होतं. आत लिफ्ट, दुकानं, नाटकाचं थिएटर, पोहायचे तलाव आणि दिवसभर खाणं. मायामीहून निघते, रात्रभर चालते आणि सकाळी एखाद्या बेटाला लागते. लोक उतरतात, बेट बघतात, संध्याकाळी परत बोटीवर येतात. इथे मॅसॅच्युसेट्समध्ये फेब्रुवारीत शाळांना आठवड्याची सुट्टी असते. त्या आठवड्यात आमच्या श्रूजबरीतली निम्मी घरं बर्फाला कंटाळून दक्षिणेला पळतात. आम्ही कधी पळालो नव्हतो. या वर्षी पळालो, कारण तुमची नात ऑगस्टमध्ये स्टेट कॉलेजला शिकायला जाणार, आणि मुलं एकदा कॉलेजात गेली की आईवडिलांबरोबर सुट्टी घालवायची त्यांची हौस संपते, असं इथे सगळे सांगतात. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. नाक तुमचं घेतलंय, आणि त्याबद्दल ती माझ्यावर नाराज असते.

बेटावर उतरल्यावर फिरायचं कसं, यावरून घरात वाद झाला. बोटीची कंपनी स्वतःच्या सहली विकते. मोठी एसी बस, हातात पाटी धरलेला माणूस, छातीवर चिकटवायचा नंबर. नाहीतर मग बेटावरच्या लोकांच्या छोट्या टूर असतात, त्या आपल्या आपण फोनवरून बुक करायच्या. तुमचे जावई नागपूरचे, पण स्वभावाने असे की कुठल्याही गोष्टीत आधी काय बिघडेल ते बघणार. ते म्हणाले, "शिपचीच टूर घे ना यार. लोकलवाला लेट झाला तर शिप थांबत नाही. आपण किनाऱ्यावरून टाटा करत बसू." नात म्हणाली, "रिव्ह्यूज आर रिअली गुड, डॅड." मी म्हटलं, लोकलच घ्यायची. का, ते मला नीट सांगता येईना. गाडी ज्याची स्वतःची आणि पाहुणाही ज्याचा स्वतःचा, अशा माणसाच्या गाडीत मला बसायचं होतं. मी एवढंच म्हटलं, "मी टूरवाल्याची मुलगी आहे, मला कळतं त्यातलं." आणि म्हणून झाल्यावर माझं मलाच हसू आलं, कारण तुमच्या बसमधून मी उभ्या जन्मात एकदाही प्रवास केलेला नाही.

आपली यात्रा कंपनी म्हणजे होतं तरी काय? भाड्याची बस, एक आचारी, डिकीत शेगड्या आणि पातेली, आणि तुम्ही. दिवाळीत दक्षिण भारत, मे महिन्यात काशी. म्हणजे नेमक्या माझ्या सुट्ट्या. निघायच्या आदल्या दिवशी सांगलीचं आपलं स्वयंपाकघर आपलं राहायचं नाही. आई चिवड्याचे डबे दाबून दाबून भरतेय, भाजणीच्या वासाने डोकं जड झालंय, आणि मी जमिनीवर फतकल मारून आलेपाकाच्या वड्या कागदात गुंडाळतेय, घाटात कुणाला मळमळलं तर द्यायला. मी विचारते, "अण्णा, मी येऊ?" तुम्ही पातेल्यांच्या पोत्याला दोरी आवळता आवळता म्हणता, "एक सीट रिकामी राहिली तर नेईन." मग आई गणपतीपुढे हात जोडून बस भरू दे म्हणायची, आणि तिच्याच शेजारी उभी राहून मी एक सीट रिकामी राहू दे म्हणायचे. देवाची पंचाईत व्हायची. तो दरवेळी आईचं ऐकायचा.

एकदा मात्र चुकून माझं ऐकलं होतं त्याने. कुणाच्या तरी घरी आजारपण निघालं आणि रामेश्वरच्या टूरमधली एक जागा सुटली. आईने माझे कपडे पिशवीत भरले, वेण्या घट्ट घातल्या. सकाळी बस मैदानात उभी होती. मी सगळ्यांच्या आधी चढून ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या सीटवर जाऊन बसले. तुम्ही दारातून बघितलंत आणि आवाज चढवलात, "ऊठ तिथून. ती पाहुण्यांची जागा आहे. आपण मागे बसायचं." मी मागे गेले. मागे तर मागे, बसमध्ये होते ना. आणि मग रिक्षातून त्या आजी उतरल्या, वळकटी आणि पितळी डबा घेऊन. सुटलेल्या जागेचं त्यांना आदल्या संध्याकाळीच कळलं होतं. यजमानांच्या अस्थी रामेश्वरला न्यायच्या राहून गेल्या होत्या. तुम्ही आम्हा दोघींच्या मधे उभे राहिलात. मीच पिशवी घेऊन खाली उतरले. तुम्ही खिशातून आलेपाकाची वडी काढून माझ्या हातात ठेवलीत आणि म्हणालात, "पुढच्या खेपेला नक्की." ती वडी मी रागाने घरी पोचेपर्यंत चावून संपवली.

पुढच्या खेपा बऱ्याच झाल्या. मग मी मोठी झाले, माझ्या परीक्षा आल्या, क्लास आले, आणि विचारायचंच बंद केलं. आणि मी इंजिनिअरिंगला असताना एका साध्या दुपारी, घरी, चहाचा कप खाली ठेवून तुम्ही गेलात. तेव्हा भेटायला जी माणसं आली ती बहुतेक तुमच्या बसमधली. प्रत्येकाकडे तुमची काही ना काही गोष्ट होती. एक काकू म्हणाल्या, तुझे वडील आचाऱ्याची नक्कल करायचे तेव्हा हसून पोटात दुखायचं. एका काकांनी तुम्ही बसमध्ये म्हणायचात ते गाणं म्हणून दाखवलं. आणखी एक जण म्हणाले, घाट लागला की तुझे वडील उठून उभे राहायचे आणि सांगायचे, मंडळी, ज्यांना भीती वाटत असेल त्यांनी आपल्या ड्रायव्हरसारखं करावं, डोळे गच्च मिटून घ्यावेत. सगळे डोळे पुसत हसत होते. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला त्या सगळ्यांचा भयंकर हेवा वाटत होता. अण्णा, तुम्ही गाता हे मला माहीतच नव्हतं. घरी यायचात ते घसा बसवूनच. आई हळदीचं दूध द्यायची आणि तुम्ही दोन दिवस खुणेने बोलायचात. तुमचा सगळा आवाज परक्या माणसांवर खर्च झालेला असायचा. आम्हाला उरायचा तो थकलेला, चांगला, गप्प माणूस.

तर सेंट थॉमस नावाच्या बेटावर आम्ही उतरलो. आहे अमेरिकेचंच, पण गाड्या आपल्यासारख्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. बंदराच्या फाटकाबाहेर आमची टूरवाली उभी होती. माझ्याहून वयाने मोठी, डोक्याला पिवळा रुमाल, गळ्यात शिट्टी. गाडी म्हणजे ट्रकच, मागे छप्पर टाकून एकामागे एक लाकडी बाक बसवलेले, दोन्ही बाजूंनी उघडा. ड्रायव्हर तीच, गाईड तीच, मालकीणही तीच. चढल्या चढल्या तिने सांगितलं की या बेटावर आधी गुड मॉर्निंग म्हणायचं आणि मग बोलायचं, आणि सगळ्यांनी मोठ्याने म्हटल्याशिवाय तिने गाडी सुरूच केली नाही. ती बोलली सगळं इंग्रजीत, पण माझ्या डोक्यात ते मराठीतच राहिलंय, म्हणून तसंच लिहिते.

पहिल्या ठिकाणी डोंगरावरून खालचा समुद्र बघितला, फोटो काढले, परत गाडीत आलो. मी चढले आणि आमचा बाक सोडून त्याच्या पुढच्या बाकावर जाऊन बसले. पिशवी ठेवली, नातीला म्हटलं, "ये, सरक आत." ती फुटबोर्डवरच थांबली. "मॉम, व्हॉट आर यू डूइंग? दॅट्स नॉट अवर सीट." तोवर त्या बाकावरचं जोडपं आलं, ओहायोहून आलेले आजी-आजोबा. आजोबा फार सौजन्याने म्हणाले, "मला वाटतं आम्ही इथे बसलो होतो." जावई तुमचे दुसरीकडे बघायला लागले, ही बाई आपल्या ओळखीची नाही अशा चेहऱ्याने.

मी काय केलं ते मला तेव्हा कळलं. तुम्हाला आठवतं का, आपल्या घराच्या पायऱ्यांवर आम्ही मुलं टूर-टूर खेळायचो? तुम्ही एकदा तिथे उभं राहून आम्हाला नियम शिकवला होतात. प्रत्येक थांब्यानंतर सगळ्यांनी एक पायरी पुढे यायचं, आणि पहिल्या पायरीवरच्याने सगळ्यात मागे जायचं, म्हणजे पुढचा रस्ता सगळ्यांना दिसतो, कुणी कुरकुर करत नाही. तुमच्या बसमध्ये तसंच चालतं म्हणालात. बस मला मिळाली नाही, पण तो नियम माझ्या अंगात इतका मुरला की एवढ्या वर्षांनी, अमेरिकन माणसांच्या गाडीत, जिथे सकाळी धरलेली जागा संध्याकाळपर्यंत आपलीच असते, तिथे मी खुशाल उठून पुढे सरकले.

मी सॉरी म्हणून उठायला लागले आणि उठता उठता त्या आजी-आजोबांना कारण सांगितलं. टूरवाल्या बाई खाली पायरीचं स्टूल धरून उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं. म्हणाल्या, "हा नियम कुणाचा?" मी म्हटलं, "माझ्या वडिलांचा. इंडियात ते अशाच टूर काढायचे." बाईंनी शिट्टी फुंकली. "ऐका सगळ्यांनी. या बाईंचे वडील माझ्याच धंद्यातले. आज त्यांचा नियम चालेल. सगळे एक बाक पुढे. पहिल्या बाकावरच्यांनी शेवटी जायचं, आणि तोंड वाकडं करायचं नाही." पहिल्या बाकावरच्या तरुण जोडप्याने जरा केलंच, पण गेले. ओहायोच्या आजी मला म्हणाल्या, "युअर फादर इज अ फेअर मॅन." त्यांनी 'इज' म्हटलं. मी दुरुस्त केलं नाही.

असं सरकत सरकत शेवटच्या टप्प्याला आम्ही पहिल्या बाकावर आलो. समोर बाईंची मान, वरचा आरसा, आणि उतरत जाणारा अरुंद रस्ता. आरशातून त्या सारख्या मागच्यांचे चेहरे बघत होत्या, कोण कंटाळलंय, कुणाला मळमळतंय. एक पिशवी मागे आली, साखरेत घोळलेले चिंचेचे गोळे, वळणावर तोंडात धरायला. मग एक अगदी उभं वळण आलं, खाली एकदम समुद्र, आणि बाई ओरडून म्हणाल्या, "ज्यांना भीती वाटत असेल त्यांनी माझ्यासारखं करा. डोळे मिटून घ्या."

सगळा ट्रक हसला. माझ्या पाठीमागून ते हसणं आलं, अण्णा, पुढच्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत, आणि मी त्यात होते. नात माझ्याकडे बघत होती. "मॉम, आर यू क्राइंग?" मी म्हटलं, चिंच आंबट आहे. मग तिला खरं सांगितलं, की आजोबा हाच विनोद सांगायचे. ती म्हणाली, "वॉज ही फनी?" मी म्हटलं, लोक सांगतात, फार. तिने माझा हात धरला आणि बंदर येईपर्यंत सोडला नाही. तेवढ्या वेळात मला तुमची इतकी आठवण आली की समोरचा रस्ता मी धड बघितलाच नाही, आणि बघायचा होता तोच. मला वाटत होतं, बाईंनी मान वळवावी आणि ते तुम्ही असावेत, घसा न बसलेले, आणि मी पाहुणी असावे.

वेळेत पोचलो. बोट समोर उभी होती, जावई एकदम उदार झाले, बाईंना दोनदा थँक यू म्हणाले. आता इथे परत बर्फ पडतंय, नात शाळेत गेलीय आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर हे लिहितेय. कुठे पाठवायचं नाहीये. पाकीटसुद्धा आणलेलं नाही. पण एक गोष्ट तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

उतरताना बाईंनी माझा हात हातात घेतला आणि विचारलं, "वडील अजून काढतात टूर?" मी म्हटलं, हो. जावयांनी माझ्याकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "आता कुठे आहेत?" मी म्हटलं, "रामेश्वरला. ग्रुप घेऊन गेलेत." त्या खूश झाल्या. म्हणाल्या, "त्यांना सांग, इथे या एकदा. त्यांना कुणाची काळजी करायची नाही, नुसतं बसून राहायचं. सांगशील?" जावई पिशवी उचलून हळूच पुढे चालायला लागले. मी म्हटलं, "आले की सांगते." आणि अण्णा, ते बोलताना मला जराही खोटं वाटलं नाही.