नावे झाकून दिलेले गुण

मंगळवार, १० फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

काल, सोमवार, ९ फेब्रुवारी रोजी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, मी तुझ्यासाठी बिनसाखरेचा चहा गाळत असताना, तू माझ्या संधिवाताच्या गोळ्यांची बाटली बेसिनमध्ये रिकामी केलीस आणि वर नळ सोडलास. वेळ मी भिंतीवरच्या घड्याळात पाहिली. परीक्षागृहात तीस वर्षे घालवलेल्या बाईची ती सवय जात नाही.

मी विचारले तर तू म्हणालास की हे विष आहे, याने यकृत सडते, आणि तू स्वतः नवीन वर्षापासून मधुमेहाच्या एकाही गोळीला हात लावलेला नाहीस. मग पिशवीतून त्या कडू पावडरीचा डबा काढून माझ्या टेबलावर असा ठेवलास, जसे काही मला बक्षीस मिळाले. मी पुरावा मागितला. त्यावर तू म्हणालास, ताई, आता तू निवृत्त झालीस, सगळ्यांचे पेपर तपासणे बंद कर.

मी गणित शिकवले, मुख्य परीक्षक म्हणून बावीस वर्षे काम केले. कॉन्व्हेंट शाळेत ज्या सिस्टरांनी मला शिकवले, त्या बरोबर उत्तरालाही रीत लिहिली नसेल तर भोपळा देत. रीत मागायची सवय निवृत्तीबरोबर सुटत नाही.

माझी गोळी आठवड्यातून एकदा असते, दर बुधवारी. औषधवाला म्हणतो, नवी चिठ्ठी आणा. डॉक्टर पुढच्या सोमवारी भेटणार. म्हणजे उद्याचा बुधवार कोरडा. आज सकाळी दाराची किल्ली फिरवायला मला दोन्ही हात लागले. पण माझे मी बघेन. तू गोळ्या सोडल्यास हे मात्र मी बघून सोडणार नाही. भावंडांत आता आपण दोघेच उरलो आहोत.

फोन केला की तू ठेवून देतोस, म्हणून पत्र. पावडरीने काय होते आणि कशावरून, ते मला कागदावर हवे. डबा तुझ्याकडे परत पाठवत आहे.

रागावलेली असले तरी तुझीच,
ताई

—

शनिवार, १४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गोळ्या ओतल्या ही चूक झाली. तुझ्या घरात तुला न विचारता तसे करायला नको होते. ओतल्याबद्दल क्षमा मागतो. मला जे पटले आहे त्याबद्दल मागत नाही.

तुला पुरावा हवा ना, घे. मी टेलिफोनच्या खांबांवर चढून तारा जोडण्यात आयुष्य काढले. पलीकडून आवाज आला की जोड बरोबर, एवढा एकच पुरावा मला माहीत आहे. डिसेंबरात माझी उपाशीपोटीची साखर दोनशे बारा होती, आता एकशे अठ्ठेचाळीस आहे. गोळ्या बंद, पावडर सुरू. आवाज आला की नाही?

तुझा डॉक्टर मान वर न करता चिठ्ठी लिहितो. पावडरीच्या माणसाने माझ्याशी पाऊण तास बोलून मला झोप लागते का ते विचारले. ही गेल्यापासून ते मला कोणी विचारले नव्हते. आमच्या हिने सगळ्या गोळ्या घड्याळ लावून घेतल्या, एक चुकवली नाही. आणि गेली. त्या रिकाम्या पाकिटांचा ढीग मी माझ्या हातांनी फेकला आहे. तेव्हा गोळ्यांचे कौतुक मला सांगू नकोस.

आणि तू नऊ वर्षे मनगटात तांब्याचे कडे घालून फिरतेस, दुखणे ओढून घेते म्हणून. त्याची रीत कोणी मागितली? फिजिओथेरपीवाल्या बाईने हातांचे व्यायाम लिहून दिले, त्याला तू बालवाडी म्हणालीस. आधी स्वतःचा पेपर तपास, मग माझा.

मी रोज तासभर चालतो, साखर-बिस्किटे सोडली, उत्तम आहे. काळजी करू नकोस.

तुझा आगाऊ,
धाकटा

—

शुक्रवार, २० फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझे पत्र ग्रंथालयात पोचले. बरे केलेस, घरी आले असते तर बाबांनी आधी वाचले असते.

तू म्हणालीस तसेच केले आहे. आमच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून सहा अभ्यास छापून काढले. तुमच्या परीक्षेत उत्तरपत्रिकेवरचा क्रमांक झाकतात, तसे मी सगळीकडे कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या: उपायाचे नाव, आजाराचे नाव, लिहिणाऱ्यांची नावे, कंपनीचे नाव. अभ्यासाचे पैसे उपाय बनवणाऱ्याने दिले की दुसऱ्या कोणी, एवढे मात्र उघडे ठेवले. पावडरीचा अभ्यास बाबांच्याच माहितीपत्रकात होता, तोही घातला. नावांची यादी बंद पाकिटात आहे. गुण शाईने लिहीपर्यंत ते फोडू नकोस. तुझा शब्द आहे म्हणून सोबतच पाठवते.

आता दुसरी गोष्ट. बाबांच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला जखम आहे. चप्पल चावली म्हणतात. तीन आठवडे झाले, भरत नाही. मी पाहायला गेले की मोजा वर ओढून घेतात. साखरेचे यंत्र आहे, पण ते फक्त सकाळी फिरून आल्यावर लावतात, आणि आकडा आवडला नाही तर वहीत लिहीतच नाहीत. मी कचऱ्यातल्या साखर तपासायच्या पट्ट्या मोजल्या, वहीतल्या आकड्यांच्या दुप्पट निघाल्या.

हे मी सांगितले असे सांगू नकोस. आई गेल्यापासून माझ्याशी ते भांडतही नाहीत, नुसते हो म्हणतात. तुझ्याशी भांडतात तेच बरे.

तुझी,
चिमणी

—

शुक्रवार, ६ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

निकाल लागला आहे. बसून वाच.

सहा कागद होते आणि एकावरही नाव नव्हते. मला कोणता तुझा, कोणता माझा, काही ठाऊक नव्हते. वीसपैकी गुण ठेवले आणि प्रत्येक कागदाला तेच प्रश्न घातले: किती माणसे होती, उपाय न घेणारा दुसरा गट होता का, कोणाला काय मिळाले हे तपासणाऱ्याला माहीत होते का, किती दिवस पाहिले, पैसे कोणाचे.

पहिल्या कागदात बावीस माणसे, आठ आठवडे, दुसरा गट नाही, पैसे उपाय बनवणाऱ्याचेच. त्या बाविसांना उपायाबरोबर रोज तासभर चालायला आणि गोड सोडायलाही सांगितले होते. मी समासात लिहिले, गुण नक्की कोणाचा? आणि दिले तीन. पाकीट फोडल्यावर ती तुझी पावडर निघाली.

सहाव्या कागदात नुसते चालणे होते, साखरेच्या आजारासाठी. अनेक अभ्यास एकत्र केलेले, शेकडो माणसे, तुलनेला दुसरा गट. पंधरा गुण. धाकट्या, तुझी साखर खाली आली ती तुझ्या पायांनी आणि तू सोडलेल्या बिस्किटांनी आणली, आणि तू हार घातलास डब्याला. तार तू जोडलीस, पगार शेजारच्याने नेला.

आता माझा पेपर. दुसऱ्या कागदात सत्तर माणसांनी आळीपाळीने निरनिराळी कडी घातली. कोणते खरे, कोणते दिखाऊ हे त्यांना सांगितले नव्हते. फार सुंदर अभ्यास. मी सोळा गुण दिले आणि खूश झाले. निष्कर्ष असा की कशानेच काही फरक पडला नाही. पट्टी काढली तर खाली तांबे. कागद उत्तम, उपाय नापास. कडे काढून टेबलाच्या खणात टाकले आहे. मनगट उघडे वाटते, पण दुखते तेवढेच.

बालवाडीलाही पंधरा मिळाले. चारशेहून जास्त माणसे, वर्षभर, आणि सगळे आपली औषधे चालू ठेवूनच हातांचे व्यायाम करत होते. व्यायाम करणाऱ्याला आपण व्यायाम करतो हे कळतेच, तेवढे गुण कापले. फिजिओथेरपीवाल्या बाईचा पिवळा कागद शोधून फ्रिजवर लावला. तीन वर्षे मी त्याने रद्दी बांधली होती. माशाच्या तेलाला नऊ: थोडा फायदा, तोही बऱ्याच मात्रेत आणि औषधाच्या जोडीला.

माझ्या गोळ्या अठरा गुणांनी पहिल्या आल्या. पण त्याच कागदात यकृताला त्रास होऊ शकतो हेही स्वच्छ लिहिले आहे, म्हणून तर दर काही आठवड्यांनी माझे रक्त तपासतात. तुझी भीती हवेतली नव्हती. तिच्यावरचा इलाज बेसिन नव्हता, एवढेच.

तुझ्या हिच्याबद्दल तू लिहिलेस ते मी चार वेळा वाचले. तिने एक गोळी चुकवली नाही आणि तरी गेली, हे खरे आहे. त्या गोळ्या कमी पडल्या. त्यांनी तिला नेले असे मात्र तू म्हणालास तर मी ऐकून घेणार नाही, कारण नेणारा आजार होता आणि तो तिच्या उशाशी मीही पाहिला आहे. डॉक्टर तुझ्याकडे पाहत नसेल तर डॉक्टर बदलू. झोप लागते का हे विचारायला माणूस हवा असेल तर मी रोज पत्र लिहीन. त्यासाठी पावडर खायची गरज नाही.

शेवटचे. सोपी गणिते तेवढी सोडवून बाकीची पाने फाडणारी मुलगी मला माहीत आहे, तिची पाने मी मोजत असे. तुझी साखरेची वही तशीच आहे. आणि मोजा काढ. हे मला कोणी सांगितले ते विचारू नकोस. तुमच्या घरात माणसे दोनच आहेत, तेव्हा अंदाज बांधायला तुला वेळ लागणार नाही. पण तिला एक शब्द बोललास तर याद राख.

नापासाला पास न करणारी तुझी,
ताई

—

मंगळवार, १० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

निकाल मान्य नाही. फेरतपासणी मागतो. चालणाऱ्या त्या शेकडो माणसांत मी नव्हतो, माझे शरीर मला ठाऊक आहे. पावडरीला तीन गुण म्हणजे सूड आहे.

अंगठा क्षुल्लक आहे, दुखतसुद्धा नाही.

कडे काढलेस ते वाचून मात्र चकित झालो. तू तुझ्या चुकीला शाई लावलीस असे पहिल्यांदाच पाहिले. चिमणीला काही बोललेलो नाही. तिने विचारले, बाबा, आत्याने काय लिहिले, तर मी हो म्हणालो.

तुझा न सुधारणारा,
धाकटा

—

गुरुवार, १२ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

फेरतपासणीचा अर्ज मंजूर. शेकडो माणसांत तू नव्हतास हे बरोबर आहे, म्हणून या वेळी फक्त तुझी तपासणी होईल. पण फेरतपासणीला पूर्ण उत्तरपत्रिका लागते, निवडक पाने चालत नाहीत.

तू लिहितोस, अंगठा दुखत नाही. ही ओळ वाचून मला घाम फुटला. सहा आठवडे न भरलेली जखम दुखायला हवी. ती दुखत नाही याचा अर्थ साखरेने तिथली तार आधीच तोडली आहे. आवाज येत नाही, धाकट्या. तूच सांग, पलीकडून आवाज आला नाही तर तू काय करत होतास? खांबाखाली उभा राहून सगळे उत्तम आहे म्हणत होतास, की वर चढत होतास?

मी भीती घालत नाही, मागणी करते आहे. येत्या सोमवारी सकाळी चिमणी रजा काढून तुला पाय पाहणाऱ्या सर्जनकडे नेईल. मी तिला तसे कळवले आहे, तेव्हा हो म्हणून निसटायची सोय नाही, त्या ‘हो’ला या वेळी गाडीत बसावे लागेल. तिथेच तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची रक्ततपासणी द्यायची. ती तपासणी एका सकाळचा आकडा पाहत नाही, सगळ्या दिवसांचा पाहते, फाडलेल्या पानांसकट. तुझी पावडर खरी असेल तर त्या आकड्यात दिसेल, आणि मी तिचे गुण माझ्या हाताने वाढवून तुझी जाहीर क्षमा मागेन. चालणे सोडू नकोस, ते तुझे आहे. गोळ्या कोणत्या आणि किती हे डॉक्टर ठरवील, मी नाही आणि डब्याचा माणूसही नाही. डॉक्टर मान वर करत नसेल तर तू म्हण, माझ्याकडे पाहून बोला. ताईने शिकवले म्हणून सांग.

माझ्या बुधवारच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. पिवळ्या कागदावरचे व्यायाम रोज दोनदा करते. किल्लीला अजून दोन्ही हात लागतात. असले काही मी लपवत नाही, आणि तूही लपवू नयेस एवढा हक्क माझा आहे. तुझ्या घरातून एक गेली ती सगळे नियम पाळून. दुसऱ्याने नियम मोडून जावे याला माझी परवानगी नाही.

तर मला तीन गोष्टी लेखी हव्यात: सर्जनने जखमेबद्दल काय म्हटले, रक्ताचा अहवाल, आणि तुझ्या अक्षरात, गोळ्या सुरू केल्या की नाही. नसतील तर कारण, रीत दाखवून. फोन करू नकोस, तोंडी उत्तराला गुण नाहीत. चिमणीकडून निरोप पाठवू नकोस, दुसऱ्याच्या हाताने लिहिलेला पेपर मी स्वीकारत नाही.

शुक्रवार, २० मार्च, सायंकाळी पाच वाजेपर्यंत उत्तर माझ्या दारात पडलेले असावे. पाच वाजून एक मिनिट झाले की मी सहाच्या बसने निघेन, आणि मी आले की किती दिवस राहते ते तुला माहीत आहे.

तुझ्यावर रागावण्याचा हक्क सोडायला तयार नसलेली,
ताई