भाताच्या खाचरावरची टेकडी

१४ जुलै, सोमवार

स. पाऊस. टेकडीवरचा फेरा हुकला, म्हणून आधीच चिडचिड. अकराला हाताखालच्या रुचिताला घेऊन साइटवर. आमचे संचालक लिमये सर, त्यांना सादरीकरणासाठी फोटो हवेत. ‘नकाशा सुरेख आहे शुभदाबाई, पण लोकांना माणसं बघायला आवडतात.’

ओढ्याच्या पूररेषेचा नकाशा आम्ही एप्रिलमध्ये दिला. यंदापासून महापालिकेचा पूर नियंत्रण कक्ष तोच वापरतो. वरच्या पुलाशी पाणी खुणेला लागलं की रेषेच्या आतल्या घरांना मेसेज, भोंग्याची गाडी, माणसांना शाळेत हलवणं. रेषेबाहेर काही नाही, कारण तिथे गरज नाही.

मी मुद्दाम भोइटे वस्ती निवडली. ओढ्याला खेटून आहे, तरी नकाशात कोरडी. पूररेषा तिला छान वळसा घालून जाते. त्या वळणाचा मला उगाच अभिमान. नकाशात तिथे दिसणाऱ्या उंचवट्यावरून ओढ्याचा फोटो घेऊ म्हणून निघालो, तर चढच लागेना. उलट रस्त्यावरून वस्तीत शिरायला तीन पायऱ्या खाली उतरावं लागलं.

रुचिता : ‘मॅम, इथे हिल कुठेय?’ म्हटलं, असेल पुढे.

पुढे भेटले जागेचे मालक, तात्या भोइटे. गाव शहरात आल्यावर यांनी शेतात खोल्या काढल्या आणि भाड्याने दिल्या. पत्र्याला पत्रा लागलेला. मी विचारलं, पूर्वी इथे टेकाड होतं का हो? ते हसायलाच लागले. ‘टेकाड? आवो मॅडम, माजा बाप हितं भात लावायचा. खाचर हाय हे. खाचर काय टेकाडावर आस्तंय व्हय?’

मीही हसले. घरी येईपर्यंत हसू गेलं होतं.

१५ जुलै, मंगळवार

सापडलं. अर्धा तास लागला. तीन महिन्यांपूर्वी हा अर्धा तास दिला असता तर...

उपग्रह वरून बघतो. त्याला जमीन दिसत नाही, जे सगळ्यांत वर असेल ते दिसतं : पत्रा, गच्ची, झाडाचा शेंडा. म्हणून आकड्यांतून घरं काढून टाकायची. ते काम माझं. त्यासाठी एक चौकट ठरवतो. चौकटीपेक्षा लहान उंचवटा म्हणजे घर, खोडा. मोठा म्हणजे टेकडी, ठेवा. चौकट फार मोठी घेतली तर लहानसहान टेकड्याही साफ होतात. आणि मी पडले रोज टेकडी चढणारी. चौकट लहान ठेवली, टेकड्या वाचवल्या, ऑफिसात त्याचं कौतुकही करून घेतलं.

सुटी घरं गेली, बरोबर गेली. पण भोइटे वस्तीत सुटं काही नाहीच. सगळ्या खोल्यांचं मिळून एकच छप्पर, माझ्या चौकटीहून मोठं. म्हणजे टेकडी. नकाशातल्या पाण्याने मुकाट्याने तिला वळसा घातला. तपासणीचे बिंदू आम्ही रस्त्यावर घेतले होते. रस्त्यावर छप्पर नसतं, तिथे सगळं जुळणारच.

चौकट मोठी करून पुन्हा चालवलं. वस्ती खाली बसली. रेषा सगळ्या खोल्यांवरून गेली.

दोनशेच्या आसपास खोल्या. एकीलाही मेसेज जाणार नाही.

नितीन म्हणाला, ‘जेवताना तरी स्क्रीन बंद कर.’ बंद केला. नवरा असून त्यालाही अजून सांगितलेलं नाही. लाज वाटते. लोकांच्या नकाशातल्या चुका काढण्यात वीस वर्षं गेली माझी.

१६ जुलै, बुधवार

रुचिताला सांगितलं. नकाशाखाली दोन सह्या असतात : ‘तयार केला’ माझी, ‘तपासला’ तिची. ती लगेच म्हणाली, ‘मॅम, मी फक्त लेजेंड आणि स्केल चेक केलं होतं. तुम्ही म्हणाला होतात ना, बाकी मी पाहिलंय म्हणून.’

म्हटलं होतं. आमच्याकडे असंच चालतं. ज्येष्ठ माणसाचं काम कनिष्ठाने तपासायचं म्हणजे शुद्धलेखन बघायचं. पुढच्या महिन्यात तिचं कन्फर्मेशन आहे, नोकरी कायम होण्याचं. नागपूरला आईला फोन करून सांगूनही बसली आहे.

१७ जुलै, गुरुवार

सरांशी बोलले. दोन्ही नकाशे समोर ठेवले. चष्मा काढून वाकून पाहिलं. माणूस मूर्ख नाही, एका नजरेत कळलं त्यांना.

‘पावसाळा संपला की सुधारित आवृत्ती देऊ. रीतसर.’

‘आणि पावसाळ्यात पाणी आलं तर?’

‘गेल्या किती वर्षांत आलंय तिथे?’

‘वस्तीच मुळी सहा वर्षांची आहे सर.’

‘मग आपण पेपरात जाहिरात देऊ. आमच्याकडे चुकीचे नकाशे माफक दरात करून मिळतील.’ नंतर आवाज खाली आणून : ‘चौदा जणांची घरं चालतात या ऑफिसवर. पुढच्या दोन ओढ्यांचं काम याच नकाशावर मिळालंय. तुम्हाला खात्री आहे? मोजलंय तुम्ही जागेवर?’

मोजलं नव्हतं. तेवढ्या एका प्रश्नावर गप्प बसले, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. सुटका झाल्यासारखं. हे लिहून ठेवते, म्हणजे पुढे विसरायला नको.

१९ जुलै, शनिवार

सुटी. ऑफिसची जुनी लेव्हल घेऊन वस्तीत. आकड्यांचा भरवसा राहिला नाही, म्हणून तिवईवर दुर्बीण ठेवून, पट्टी उभी करून मोजायचं. मी हेच शिकून या धंद्यात आले. रुचिता येते म्हणाली होती, आली नाही.

पट्टी धरायला एक बाई पुढे आली. वंदना. वाशीमकडची, नवरा कारखान्यात पाळीवर, मुलगी दुसरीत. शेवटच्या रांगेत खोली, मागे लगेच ओढ्याची झाडी. पट्टी अगदी सरळ धरते. मी तसं म्हटलं तर म्हणाली, ‘घरी कापूस मोजाले काटा मीच धरत होती.’ मग : ‘हे कायचं मोजता तुमी?’

‘पाणी आलं तर कुठवर येईल ते.’

‘इथं नाई येत म्हने. खोली देताना मालकानं सांगितलं.’

रस्त्यावरच्या आमच्या बिंदूपासून तिच्या उंबऱ्यापर्यंत तीनदा मोजलं. तिन्ही वेळा तेच. पुलाशी खुणेवर पाणी आलं तर वंदनाच्या खोलीत ते खिडकीच्या वर. तिची मुलगी त्याच खिडकीत बसून पाढे म्हणत होती. आकडा वहीत उतरवला.

निघताना तात्या आडवे आले. सोमवारचं हसणं नव्हतं. कुणीतरी समजावलेलं दिसलं. ‘फोटू काडायचं तर काडा. मोजायचं न्हाई. तुमी येक रेघ वडनार आन् माजी समदी जागा पुरात जानार. मंग हितं वीट लावता येत न्हाई की इकता येत न्हाई. दोन पोरं हायती माजी. तेंनी काय करायचं?’

‘आणि या खोल्यांतली पोरं, तात्या?’

‘आजवर आलंय का पानी? न्हाई ना?’

सोमवारी खाचर म्हणणारा हाच माणूस. रागही आला, आणि त्याची भीतीही कळली.

२१ जुलै, सोमवार

सरांना मोजमाप दिलं. वाचून ड्रॉवरमध्ये ठेवलं. ‘सप्टेंबरनंतर. मी शब्द देतो.’ मी वाद घातला नाही. का घातला नाही? रुचिताचं कन्फर्मेशन, चौदा घरं, सगळं खरं आहे. पण त्यातलं सगळ्यांत खरं म्हणजे, चूक माझी आहे हे चारचौघांत निघू नये असं मला वाटतं. बाकीच्यांची नावं मी पुढे करते आहे.

रात्री नितीनला सांगितलं. ऐकून घेतलं, मग म्हणाला, ‘मी काही बोललो तर तू म्हणशील तुला काय कळतं.’ तेही खरंच.

२३ जुलै, बुधवार

घाटमाथ्यावर सतत पाऊस. वरचा पाझर तलाव भरत आला. शनिवारसाठी ऑरेंज इशारा. सकाळपासून दर अर्ध्या तासाने पावसाचं चित्र उघडतेय आणि बंद करतेय, जणू माझ्या बघण्याने ढग बाजूला होणार आहेत.

दु. सव्वातीनला मेल केली. नियंत्रण कक्षाच्या अभियंत्यांना थेट, सरांना प्रत. दोन्ही नकाशे, मोजमाप, आणि एक वाक्य तीनदा लिहिलं-खोडलं : ही चूक माझी आहे. शेवटी तेवढंच ठेवलं, पुढे कारणं जोडली नाहीत.

पाठवण्याआधी रुचिताला दाखवली होती. ती म्हणाली, ‘माझं नाव काढता येईल का?’ सह्या मंजूर नकाशावरच आहेत, नाव कसं काढणार. ती बाथरूममध्ये गेली, बराच वेळ आली नाही.

सर केबिनमधून बाहेर आले, माझ्या टेबलापाशी थांबले. ‘मला विचारलं असतंत तर बरं झालं असतं.’ वीस वर्षांत कधी आवाज चढवला नाही या माणसाने, आजही नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

२४ जुलै, गुरुवार

अभियंत्यांचा फोन. शांत, थकलेला आवाज. ‘बाई, मेलवर रेषा बदलता येत नाही मला. उद्या कुणीही मेल करेल. तुमच्या कंपनीचं पत्र हवं, तयार करणारा, तपासणारा आणि संचालक, तिघांच्या सह्यांनी. ते आलं की त्याच तासाला वस्ती यादीत घेतो.’

पत्र टाइप केलं, सही केली. रुचिताच्या टेबलावर ठेवलं आणि चहाला निघून गेले. समोर उभं राहून सही घेणं मला जमलं नसतं. परत आले तर सही होती. खाली तारीखही घातलेली, तिच्या त्या गोल अक्षरात. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही.

तिसरी सही नाही. सर दुपारीच निघून गेले होते.

२५ जुलै, शुक्रवार

सर आले नाहीत. फोन वाजतो, उचलत नाहीत. पत्र घेऊन मी त्यांच्या घरी गेले. वहिनींनी दार उघडलं. ‘बरं नाहीये त्यांना.’ आतून टीव्हीवर बातम्यांचा आवाज. पावसाच्याच बातम्या. पत्र वहिनींच्या हातात दिलं. ‘ठेवते हं,’ म्हणाल्या.

२६ जुलै, शनिवार

दु. १.३०. वरच्या पुलाशी पाणी खुणेला लागलं. मेसेज गेले. यादीत भोइटे वस्ती घेतली का म्हणून पाहिलं. जुनीच यादी. सरांना पुन्हा फोन, नाही. अभियंता : ‘पत्र?’ म्हटलं, सरांची सही झालेली नाही. तो म्हणाला, ‘गाडी पलीकडच्या काठाला आहे. सुटली की माझ्या जबाबदारीवर तिकडे पाठवून बघतो. शब्द देत नाही.’

२.४५. वस्तीत. रुचिता स्कूटरवर माझ्याआधी पोचलेली, रेनकोटमध्ये दारं वाजवत होती. मी दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. शाळेत चला, कागद-औषधं घ्या, बाकी राहू द्या. काही निघाले, पोरं कडेवर घेऊन. बरेच दारात उभे राहून माझ्याकडे बघत होते. पलीकडच्या वस्तीत मेसेज आलाय, आपल्याला नाही, मग ही बाई कोण?

३.३०. वस्तीतल्या पिठाच्या गिरणीपाशी घोळका. तात्या मध्ये उभे. भिंतीवर आमचा नकाशा, लॅमिनेट करून चार खिळ्यांनी ठोकलेला. मे महिन्यापासून तिथे आहे म्हणे. खोली बघायला येणाऱ्याला आधी तो दाखवतात. ‘हा सरकारी नकाशा हाय. निळं म्हंजी पानी. आपुन निळ्यात हाय का? मंग? पावसात पोरं भिजवाया कुनी सांगितलंय?’ आवाज चढलेला, पण मध्येच मागे वळून बघत होते. त्यांनाही ओढा दिसत होताच.

जे निघाले होते त्यांतले काही थांबले. डोक्यावरची गाठोडी खाली ठेवली.

वंदना पुढे झाली. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवून नाव वाचलं, एकेक अक्षर. मग माझ्याकडे वळली. ‘हे तुमचंच नाव हाय ना ताई?’

‘माझंच.’

‘म्हंजे तवा तुमीच सांगितलं पानी येत नाई. आन् आता तुमीच सांगता येते. आमी कोनतं खरं मानाव?’

चाळीसएक माणसं. म्हटलं, आत्ताचं. तेव्हा माझं चुकलं. मी तुमच्या पत्र्यांना जमीन समजले. याहून सोपं सांगता आलं नाही. कुणीतरी हसलं. मागून एक जण म्हणाला, ‘आज चुकलं नसेल कशावरून?’

वंदना मुलीचा हात धरून रांगेच्या शेवटी खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. तिच्याकडे बघून आणखी सात-आठ दारं लागली.

४.१०. तिच्या दारासमोर उभी आहे, छत्री मानेत धरून लिहितेय. रुचिता शाळेकडून दोनदा हाका मारून गेली. ओढा झाडीच्या अलीकडे आलाय. आतून भांड्यांचा आवाज येतो. सामान बांधतेय की स्वयंपाकाला लागलीये, कळत नाही. दोनदा दार वाजवलं. आता तिसऱ्यांदा वाजवते.