भिंतीकडची कड

पाइनी फोर्क, केंटकी
शनिवार, १२ जून २००४

प्रिय डॅरेल,

तू आणि ग्लेंडा लेक्सिंग्टनला मजेत असाल. तुझा गुडघा आता कसा आहे? थंड पाण्याने शेकू नकोस, डॅडींना त्याने कधीच बरं वाटलं नव्हतं.

मी मंगळवारी इथे पोचले. शाळांना सुट्टी लागली, त्यामुळे माझी बस आता ऑगस्टपर्यंत डेपोत. डॅडींच्या पूल खेळायच्या हॉलची किल्ली तू सांगितलंस तशी लोरीनच्या खानावळीत मिळाली. लोरीनने किल्ली देण्याआधी बीन्स आणि मक्याचा ब्रेड खायला घातला आणि मी खात असताना समोर बसून राहिली. "वडलांच्या मातीला आली नाहीस," म्हणाली. मी म्हटलं, "फुलं पाठवली होती." ती म्हणाली, "हो, मोठी होती." बस, एवढंच. आपल्या गावातली माणसं शिव्यासुद्धा वाया घालवत नाहीत.

हॉल तू बरा ठेवला आहेस. पुढची टेबलं विकून टाकलीस ते माहीत होतं, तरी आत शिरल्यावर ती रिकामी जमीन बघून चर्र झालं. मागचं टेबल मात्र भिंतीला चिकटून होतं तिथेच आहे. त्यावरची ताडपत्री काढायला मला दोन वेळा शिंकून बाहेर यावं लागलं. डॅडींनी माझ्यामागे त्याला कोणाला हात लावू दिला नाही, असं तू फोनवर सांगितलंस, तेव्हा मला वाटलं होतं की तू मला बरं वाटावं म्हणून बोलतोयस. पण खरंच आहे. कापडावर खडूचे माझेच जुने ठिपके होते.

टेबल मला दिलंस, त्याबद्दल आभार. विक्रीच्या कागदावर माझी सही हवी आहे हेही लक्षात आहे. ते शेवटी लिहिते.

आधी तुला गंमत सांगते. डेटनहून टेबल खोलणारा माणूस शुक्रवारी यायचा होता, म्हणजे मला मधे मोकळे दिवस होते. पहिल्या दिवशी नुसती झाडलोट केली. दुसऱ्या दिवशी सकाळी राहवेना. भिंतीवरच्या रॅकमध्ये एक क्यू होता, काठी थोडी वाकलेली, पण होता. त्या लुईव्हिलच्या स्पर्धेनंतर मी क्यू हातात धरला नव्हता, वीस वर्षांत एकदाही नाही. डेटनला आमच्या डेपोतली पोरं शुक्रवारी खेळायला जातात, मला बोलावतात. मी सांगते, मला खेळता येत नाही.

बॉल मांडला, रबराच्या कडेपासून हातभर. डॅडींची सवय आठवते ना? एकटं असलं तरी तोंडाने बोलायचं. कुठला बॉल, कुठलं पॉकेट, कुठल्या कडेवरून. "टेबलाला ऐकू गेलं पाहिजे, व्हर्नी. मनातल्या मनात म्हणणारे सगळेच जिंकतात." मी रिकाम्या हॉलमध्ये मोठ्याने म्हटलं, "तीन नंबर, भिंतीच्या कडेवरून, मधल्या पॉकेटात." आणि मारला.

गेला, डॅरेल. कडेवर आपटला आणि परत येऊन सरळ पॉकेटात. पुढचाही गेला. त्याच्या पुढचाही. मग मी लोरीनकडून सोड्याची बाटली आणली, मधे उभी केली, आणि पांढरा बॉल कडेवरून वळवून बाटलीच्या मागच्या बॉलला लावायचा तो सराव केला. आठवतं, बाटली पडली की डॅडी पुन्हा पहिल्यापासून करायला लावायचे, आणि मी रडकुंडीला आले की म्हणायचे, "बाटलीवर रागावू नकोस, ती बिचारी जागची हललेली नाही"? बाटली एकदाही पडली नाही. माझे डोळे आता चष्म्याशिवाय बसचा आरसा नीट बघत नाहीत, पण हाताला सगळं ठाऊक होतं.

मी खाली बसले आणि रडले. टेबलाच्या पायाला टेकून, मोठ्याने, जसं मातीला येऊन रडायचं होतं तसं. म्हटलं, म्हाताऱ्याने मला काहीतरी दिलं तर खरं. दोन दिवस मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत खेळले. गुरुवारी तर मी डॅडींना जवळजवळ माफ करून टाकलं होतं.

इथवर लिहून पाकीट बंद करावं, असं मघाशी वाटत होतं. आभार मानून झाले, गंमत सांगून झाली. पण कॉफी पिऊन पुन्हा बसले आहे.

लुईव्हिलबद्दल आपण कधीच बोललो नाही. तू तेव्हा काउंटर सांभाळायला इथेच राहिलास, म्हणून तुला सगळं ऐकूनच माहीत. मी एकही डाव जिंकले नाही. कडेवरून मारलेला प्रत्येक बॉल पॉकेटाच्या अलीकडे आपटून परत फिरत होता, प्रत्येक. लोक आधी हळहळले, मग हसले, मग बघायचे थांबले. व्हीटली नावाचे एक म्हातारे गृहस्थ होते, काळे, पायात पांढरे बूट, तिथल्या सगळ्यांचे गुरू. त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "पोरी, तुझा हात चांगला आहे. पण तू मेलेल्या कडेवर शिकलीस. जिवंत कडेवर बॉल असा येत नाही, जास्त उसळतो, कोन बदलतो. कोणी शिकवलं तुला?" मी म्हटलं, "माझ्या वडलांनी." ते म्हणाले, "मग त्यांना माहीत असणार," आणि निघून गेले.

परत येताना गाडीत मी डॅडींना काय काय बोलले ते तुला माहीत नाही. "पुढची चांगली टेबलं पुरुषांना, आणि मला मेलेलं. तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही मला तिथे हसं करून घ्यायला नेलंत." ते गाडी चालवत राहिले. मग म्हणाले, "रबर जुनं झालंय खरं. वसंतात बदलणार होतो." मी म्हटलं, "माझा वसंत होऊन गेला." त्या आठवड्यात मी डेटनला गेले. नंतर त्यांनी फोन केले, मी घेतले नाहीत. नाताळला कार्डं आली, ती मी उघडली नाहीत.

असो. काल शुक्रवारी तो टेबलवाला आला. ओटिस नाव, जाडा, सारखा शिट्टी वाजवणारा. मला म्हणाला, "बाई, आधी मला एक डाव द्या, मग खोलतो." हरला. म्हणाला, "खोलतो." टेबलाखाली शिरला आणि पुढच्या कडेचे बोल्ट काढताना त्याने माझ्या सगळ्या पूर्वजांचा उद्धार केला, इतके ते गंजून बसले होते. मग टेबल भिंतीपासून ओढलं आणि तो भिंतीकडच्या कडेखाली गेला. तिथे त्याची शिट्टी थांबली.

"हे काय?" म्हणाला. "हे तर बोटांनी फिरतायत."

तुला फोनवरचं आपलं बोलणं आठवतं का? मागच्या रविवारचं. मी विचारलं, खोलणाऱ्याला काही सांगायचंय का. तू म्हणालास, "विशेष काही नाही. पुढचे बोल्ट त्रास देतील, गंजलेत. भिंतीकडचे हातानेच निघतील, पाना लागायचा नाही."

मी तेव्हा "बरं" म्हटलं. आता मात्र ओटिसच्या पायाशी उकिडवी बसले होते आणि माझ्या कानात तुझा आवाज होता. वीस वर्षं त्या टेबलाला कोणी हात लावला नाही, हे तूच सांगितलंस. मग भिंतीकडचे हाताने निघतील, हे तुला कसं रे माहीत?

मी ओटिसला विचारलं, रबर मेलंय का. त्याने बोटाने दाबून पाहिलं. "कोण म्हणालं? उत्तम रबर आहे. कडच ढिली होती, त्यामुळे बॉलचा जोर गिळत होती. बोल्ट आपोआप इतके सुटत नाहीत. सुटले असते तर सगळीकडचे सुटले असते." मी म्हटलं, "खोलू नकोस. पुढचे परत बसव, आणि हे आवळ." त्याला वाटलं बाईचं डोकं फिरलंय. पण त्याने आवळले. मी बॉल मांडला, तोंडाने बोलले आणि मारला. पॉकेटाच्या अलीकडे. पुन्हा मारला. अलीकडे. अगदी लुईव्हिलसारखं, डॅरेल, एकेक बॉल तिथेच आपटत होता.

मग मला तो हिवाळा आठवला. कडेचा आवाज बदलला होता, टणक आवाजाच्या जागी काहीतरी बद्द. मी डॅडींना सांगितलं, त्यांनी कान लावून ऐकलं आणि म्हणाले, रबर थकलं. आणि काउंटरमागून तू म्हणालास, "राणीसाहेबांना आता टेबलही टोचायला लागलं!" सगळे हसले. मीही हसले. टेबल भिंतीला चिकटलेलं होतं, पलीकडून खेळता येत नसे, म्हणून माझे सगळे फटके त्या एकाच कडेवर जायचे. तिथे खाली वाकून कोणी बघणार नव्हतं. आणि तू ते बोल्ट एकदम सोडले नाहीस. एकदम सोडले असतेस तर मला कळलं असतं. रोज जरा जरा. माझा हात रोज जरा जरा जुळवून घेत गेला, आणि मला वाटत राहिलं की मी सुधारतेय.

कारण शोधायला मला फार डोकं खाजवावं लागलं नाही. त्याच हिवाळ्यात डॅडींनी सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं की व्हर्नी लुईव्हिलला चार डाव जरी जिंकली तरी दारावर 'स्टिडम आणि मुलगी' रंगवून घेणार. पेंटर मापं घेऊन गेला, तेव्हा शिडी तू धरली होतीस.

ती पाटी मी मंगळवारी नीट पाहिलीच नव्हती, मान खाली घालून आत शिरले होते. काल ओटिसला सोडायला बाहेर आले तेव्हा वर बघितलं. 'स्टिडम आणि'. पुढे काही नाही, मोकळी फळी. लोरीनला विचारलं. ती म्हणाली, "तू लुईव्हिलला निघालीस त्याच आठवड्यात पेंटरला घाई केली होती तुझ्या बापाने, हार्लनने. अर्धं रंगवून झालं आणि तुम्ही परत आलात. मग त्याने ना पुढे रंगवू दिलं ना पुसू दिलं. लोक चिडवायचे, 'हार्लन, स्टिडम आणि कोण?' तो म्हणायचा, 'तिला विचारा.' डॅरेल दोनदा डबा घेऊन शिडीवर चढला होता 'मुलगा' लिहायला. दोन्ही वेळा म्हाताऱ्याने शिडी काढून घेतली. तो वरच लोंबकळत राहिला."

मला हसू आलं, खोटं कशाला बोलू. पण मग खूप वेळ हसू आलं नाही. तुला काय मिळालं रे? वीस वर्षं गल्ला सांभाळलास आणि रोज सकाळी त्या मोकळ्या फळीखालून आत शिरलास. आणि डॅडी? ते त्या रबराला दोष देत गेले. म्हणजे स्वतःला. मी गाडीत जे बोलले ते त्यांनी खरं मानलं. त्यांनी हात वर करून एकदा तरी म्हणायला हवं होतं की मी काही केलेलं नाही. पण त्यांना वाटत होतं की त्यांनी केलंय. तू त्याच घरात जेवत होतास, त्यांच्यासमोर बसून. एका वाक्याचं काम होतं. मी त्या दिवशी गाडीत बसून परत आले असते.

तू फोनवर ते मुद्दाम बोललास की तोंडातून निसटलं, हे मी कालपासून घोकते आहे. कदाचित तुला मी ओळखावं असंच वाटत असेल. कदाचित म्हणूनच टेबल दिलंस. तसं असेल तर ऐक, तू याच हॉलमध्ये वाढलास. बॉल पडल्यावर नाव घेतलेलं आपल्याकडे कधी धरलंय? तो बॉल उचलून परत टेबलावर ठेवतात, आणि पाळी समोरच्याची.

तेव्हा आता पाळी माझी. सही मी करत नाही. हॉल विकायचा नाही. टेबल डेटनला न्यायचं नाही, ओटिसकडून ते मी कालच मधोमध ओढून घेतलं, चारी बाजूंनी खेळता येईल असं. हातात जी चूक मुरलीय ती या वयात निघेल की नाही ठाऊक नाही. आज सकाळी बाटली मांडली होती. पहिल्याच फटक्याला पडली. पुन्हा पहिल्यापासून.

पेंटर गुरुवारी येतोय, त्याच पेंटरचा मुलगा. अक्षरं तशीच हवीत म्हणून त्याने जुनी मापं शोधून काढली आहेत. बघायला जे हवे होते ते नाहीत. तू ये. शिडी धरायला कोणीतरी लागेलच, आणि तुला त्याची सवय आहे.

तुझी बहीण, पाटीवर यायची राहिलेली,
व्हर्ना